तारण

आठवडाभर मी हा शब्द लिहिते.
शरणपूर रोडवरच्या पतसंस्थेत, दुसऱ्या खिडकीत,
तपकिरी पाकिटावर, निळ्या शाईने:
तारण, पाटल्या, नग दोन,
वजन तेवीस ग्रॅम चारशे मिली.
खाली खातेदाराची सही, सराफाची, माझी.
लाख वितळते, मोहोर बसते, तिजोरी मिटते.

रविवारी तोच शब्द
पाळकसाहेब व्यासपीठावरून उच्चारतात
आणि मला आधी लाखेचा वास येतो.
देवा, क्षमा कर. सत्तावीस वर्षांची सवय.

त्या पाटल्या दुर्कसबाईंच्या.
बर्नबा वाघचौरे, आमच्या मंडळीचे खजिनदार,
त्यांच्या त्या पत्नी.
बर्नबांनी नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात
एकतीस वर्षं काढली,
रोज फाटकावर झडती, खिसे उलटे, डबा उघडा,
एक कोरी नोट कधी अंगाला चिकटली नाही.
मंडळीत झडती नसते.
छपराच्या फंडातले बासष्ट हजार
पत्रे यायच्या आधीच गेले.
कुठे गेले ते त्यांनी कमिटीपुढे सांगितलं.
मी इथे सांगणार नाही.

दुर्कसबाई खिडकीशी आल्या तेव्हा
मनगटांवर पांढरे वळ होते,
पाटल्या साबण लावून काढलेल्या.
"आपल्यात कुणाला बोलू नका."
मी बोलले नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी
बर्नबा शेवटच्या बाकावर बसून राहिले.
दिंडोरीच्या बागेतला द्राक्षरस,
अंगठ्याएवढे प्याले, रांग पुढे सरकत होती.
तारण फुकट आहे, पाळकसाहेब म्हणाले होते,
कृपेने, कर्माने नव्हे,
आणि आम्ही सगळे आमेन म्हणालो होतो.
मग बाहेर चहाच्या वेळी
कुणी त्यांच्या हातात कप दिला नाही.
मीही नाही.
ट्रे माझ्याच हातात होता.

इथून जवळच रामकुंड.
लोक लांबून येतात, राख सोडतात,
ओल्या कपड्यांनी गाडी पकडतात.
आम्हाला कुठली गाडी पकडायची?
त्याच बाकांवर, एकमेकांच्या खोकल्याशेजारी
बसायचंय मरेपर्यंत,
बासष्ट हजारांसकट.

एका मंगळवारी खिडकीत सुवार्ता कसबे.
सभेत सगळ्यांत मोठ्यानं याच बोलल्या होत्या: नाव कापा.
पर्समधून पाचशेच्या दोन नोटा सरकवल्या,
"दुर्कसच्या खात्यावर."
मी बघतच राहिले.
"त्याच्यासाठी नाही," त्या करवादल्या,
"तिचे हात बघवत नाहीत."

मी कुणाला बोलले नव्हते.
मनगटं बोलली होती.

मग शमुवेल मास्तर, पेन्शनच्या दिवशी.
तरुण संघातला ओबेद, चाळीस रुपये, सगळी नाणी.
आणि खिडकी मिटता मिटता स्वतः बर्नबा,
ओझरजवळ द्राक्षांच्या शीतगृहावर
रात्रपाळीची राखण करून आलेले,
थंडीने बोटं वळत नव्हती, सही वेगळीच आली.
कृपेला व्याज नसतं.
पतसंस्थेला असतं, ते चढत होतं.
एक पावती मी माझ्या पैशांची फाडली.
माझंच अक्षर मला वाकडं दिसलं.

पावणेदोन वर्षांनी पाकीट फोडलं.
लाखेचे तुकडे टेबलभर.
लेजरवर मारायचा शेवटचा शिक्का: तारणमुक्त.
आमच्या धंद्यातला सगळ्यांत चांगला शब्द.
हात वरच थांबला.
हाच शिक्का माझ्या नावापुढे पडला तर?
"काय झालं?" दुर्कसबाईंनी विचारलं.
काही नाही. शाई सुकलीय.

पाटल्या आता साबणाशिवाय चढल्या,
सैल, कोपरापर्यंत घरंगळणाऱ्या.

पुढच्या रविवारी ट्रे मी घेतला
आणि थेट शेवटच्या बाकाकडे गेले.
त्यांना साखर चालत नाही.
इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं,
विचारावं लागलं.